चार चाकांतली हवा

गाडीच्या टायरमधली हवा सकाळी मोजायची असते. गाडी चालू करायच्या आधी, टायर गार असताना. हे मी आता भेटेल त्याला सांगतो. शेजाऱ्याला, शाळेतल्या शिपायाला, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा. दिवाळी सरली, वारं फिरलं की माझं हे सुरू होतं. बायको म्हणते, "तुम्हाला दुसरा विषयच नाही का हो?" एरवी मी न बोलणारा माणूस. माझ्या तोंडून शब्द काढणं म्हणजे आटलेल्या विहिरीतून पोहरा भरणं, असं माझे वडीलच म्हणायचे. मग या एकाच गोष्टीवर मी इतकं का बोलतो, हे तिनं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी सांगितलं नसतं. आज सांगतो.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते पाटबंधारे खात्यात कारकून होते. नोकरीची बहुतेक वर्षं गंगापूरला गेली, रोज शहरातून एस.टी.नं जाऊन-येऊन. त्याच कचेरीत नकाशे काढणारे एक जण होते, त्याच एस.टी.नं जाणारे. पुढं सोसायटीत प्लॉट घ्यायची वेळ आली तेव्हा दोघांनी समोरासमोरचे मागून घेतले. मी त्यांना चाचा म्हणायचो. अण्णा त्यांना "मियाँ" म्हणायचे आणि ते अण्णांना "पाटील". आमच्या सात पिढ्यांत कुणी पाटील नव्हतं. करमाडजवळच्या खेड्यातली साधी शेतकरी माणसं आम्ही. पण चाचांनी एकदा नेमणूक केली ती केली.

आई गेल्यावर, निवृत्तीनंतर, अण्णांनी गाडी शिकायचं मनावर घेतलं. खूळ चाचांचं. त्यांनीच एक जुनी छोटी गाडी शोधली, त्यांनीच शेजारी बसून शिकवली. गल्लीतली माणसं ओट्यावर बसून तमाशा बघायची. अण्णांनी क्लच सोडला की गाडी बोकडासारखी उडी मारायची.

"पाटील, गाडी है. बैलाला हाणतो तसा पाय नको देऊ."

"तू गप बस. ब्रेक कुठं हाय ते सांग."

"बीच में. अल्ला, ये आदमी मेरेको मारके छोडेगा."

हसून हसून दोघांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी दारात उभा राहून बघायचो. माझ्याबरोबर अण्णा कधी असे हसल्याचं मला आठवत नाही. आई गेली त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात मी त्यांच्या एका बाजूला उभा होतो आणि चाचा दुसऱ्या. त्यांनी हात पकडला तो चाचांचा. ही गोष्ट मनात धरण्यासारखी नव्हती. मी धरली.

त्यातून ती गाडी. मी करमाडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. जालना रोडनं रोज स्कूटरवर जायचो. हिवाळ्यात सकाळच्या शाळेला निघालो की चिकलठाण्याच्या पुढं मोकळ्या माळावरचं वारं अंगावर यायचं. शाळेत पोचल्यावर बराच वेळ बोटांत खडू धरता यायचा नाही. आणि इकडं गाडी आठवडाभर दारात उभी. एकदा धीर करून विचारलं, "अण्णा, हिवाळ्यापुरती गाडी नेऊ का शाळेत?"

"रविवारी आम्हाला लागती."

"रविवारी नाही हो. बाकीच्या दिवशी."

"कुठंतरी ठोकशील. मग रविवारी आम्ही काय करायचं?"

रविवारी दोघं दुपारी गंगापूर रोडनं लांबवर जायचे, कुठल्यातरी टपरीवर चहा घ्यायचे, ज्या रस्त्यावर आयुष्यभर एस.टी.त उभ्यानं धक्के खाल्ले तो रस्ता आता बसून बघायचे. मला कधी 'येतोस का' म्हणाले नाहीत. मीही कधी 'येतो' म्हणालो नाही.

त्या दिवाळीत मी अण्णांना हवा मोजायचा गेज आणून दिला. गुलमंडीच्या पुढं एका स्पेअर पार्टच्या दुकानातून, डायलवाला. आतापर्यंत ते टायरला लाथ मारून हवा बघायचे. पेट्रोल पंपावरचा हवा भरणारा माणूस गप्पा मारत नळी लावतो आणि हवी तेवढी भरत नाही, असा त्यांना दाट संशय होता. गेज बघून ते लहान मुलासारखे खूश झाले. मी दिलेली म्हणून त्यांनी जपलेली ही पहिलीच वस्तू असेल.

मग त्यांचा एक नेम ठरला. रविवारी फिरून येताना पंपावर हवा जरा जास्तच भरून घ्यायची. घरी आलं की लगेच चष्मा लावून, खाली उकिडवं बसून, चारी चाकांना गेज लावायचा आणि थोडी थोडी सोडत काटा बरोबर तीसवर आणायचा. तोवर उन्हात पळून आलेले टायर तव्यासारखे गरम असायचे. हे मी बघत होतो. वर्गात हेच शिकवत होतो. बंद भांड्यातली हवा गरम केली की दाब वाढतो, गार झाली की उतरतो. हवा कुठंही जात नाही, काटा मात्र खाली येतो. गरम टायरमध्ये काटा तीसवर आणून ठेवला तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या गारठ्यात तो पंचवीस दाखवणारच. 'अण्णा, सकाळी मोजा' एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हणालो. त्या वेळी त्यात दुष्टपणाही नव्हता. आम्ही एकमेकांना काही सांगायचो नाही, इतकंच.

याच सुमाराला चाचांच्या, दुसरीकडं राहणाऱ्या मुलानं नवी गाडी घेतली आणि ती घेऊन तो रोज संध्याकाळी यायला लागला. गल्ली अरुंद. अण्णांची गाडी पहिल्यापासून चाचांच्या फाटकाशेजारी, कडुलिंबाखाली उभी राहायची. आता मुलाची गाडी आत घ्यायची तर हिचं तोंड आडवं यायचं. चाचा एका संध्याकाळी भर गल्लीत मोठ्यानं म्हणाले, "पाटील, कल ये खटारा इधर दिखा ना, तो चारों चक्के की हवा छोड दूँगा!"

सगळी गल्ली हसली. अण्णा म्हणाले, "सोडून तर बघ. तुझ्या दाढीनं भरून घेईन."

पार्किंगवरून भांडण झालं की टायरची हवा सोडायची, ही आमच्या शहराची जुनी रीत आहे. कोण कुणाशी बोलत नाही हे गल्लीतल्या बसलेल्या टायरवरून कळतं. त्यामुळं तो विनोद सगळ्यांना समजला, आणि सगळ्यांच्या लक्षातही राहिला.

त्यानंतर थंडी एकदम उतरली. एका सकाळी अण्णांना दवाखान्यात जायचं होतं. सहज म्हणून त्यांनी गेज लावला. पंचवीस. दुसऱ्या चाकाला लावला. तेवढेच. चारी चाकांना तेच. ते बराच वेळ त्या काट्याकडं बघत बसले. मग पंक्चरवाल्याकडं गेले. त्यानं चारी ट्यूबा काढून पाण्याच्या टपात बुडवल्या. एक बुडबुडा आला नाही. पुन्हा हवा भरली, घरी आणून काटा तीसवर केला. पुढच्या आठवड्यात, आणखी गारठ्याच्या सकाळी, पुन्हा तेच.

अण्णांनी मला हाक मारली. मी स्कूटरला किक मारत होतो. कानाला मफलर होता, तरी ऐकू आलं.

"ट्यूब चांगली हाय. व्हॉल्व्ह चांगला हाय. मग जाती कुठं हवा?"

मी मफलर सारखा केला.

"तू शिकवतोस ना हे समदं? थंडीनं उतरती का काही?"

त्यांना अंदाज आला होता. शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही येतो तसा. फक्त माझ्या एका 'हो'ची खोटी होती. आणि मी त्यांच्याकडं बघून म्हणालो, "थंडीनं एवढी कुठं उतरते, अण्णा!"

वर थोडा हसलोसुद्धा.

का म्हणालो, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. प्रत्येक वेळी वेगळं उत्तर दिलंय. म्हातारपणी त्यांनी गाडी चालवू नये असं वाटायचं, काळजी होती, हे सगळ्यात सोयीचं. ते खोटं आहे. खरं असं की त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांत चाचांबद्दलचा संशय मला दिसला, आणि मला बरं वाटलं. गारठलेल्या बोटांना ऊब लागावी तसं बरं वाटलं. मी किक मारली आणि शाळेत गेलो.

पुढचे काही दिवस अण्णा खिडकीत बसून असायचे, कडुलिंबाकडं बघत. गल्लीतला एक जण, दोन घरं सोडून राहणारा, ओट्यावर येऊन बसायला लागला. हा कधी आमच्या घरी न येणारा. म्हणाला, "अण्णा, तुम्ही भोळे. त्या लोकांचं वरून गोड असतं." अण्णांनी त्याला चहा पाजला. माझी बायको आत येऊन मला म्हणाली, "चाचा असं करतील हे मला नाही पटत. तुम्ही बोला ना अण्णांशी." मी पेपर तपासत होतो. तपासत राहिलो.

त्या रविवारी सकाळीच अण्णांनी गेज लावला. काटा पुन्हा खाली. चाचा दूध घेऊन येत होते, डोक्याला शाल गुंडाळलेली. अण्णा उठून उभे राहिले.

"मियाँ, बास झाली आता मजा."

"कायकी मजा?" चाचा हसतच होते.

"हसतोस काय? रोज रोज हवा भरायला मी काय पंपवाला हाय?"

चाचांना कळायला जरा वेळ लागला. मग हसू उतरलं. "क्या बोल रहा तू? मैं निकालता तेरे गाडी की हवा?"

"तूच म्हणला होतास. समद्यांसमोर."

"अरे, मजाक था वो! तीस बरस से मजाक करता मैं तेरे साथ!" हातातली पिशवी त्यांनी खाली ठेवली. "और निकालता तो पूरी निकालता ना रे. चारों चक्कों में से थोडी थोडी, नाप-नापके? हौला हूँ क्या मैं?"

ओट्यावरची माणसं उठून जवळ आली. अण्णांच्या तोंडावर एक क्षण काहीतरी आलं, आपण चुकतोय की काय असं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. चाचांनीही बघितलं. गेज माझ्या हातात होता, अण्णांनी उठताना दिलेला.

"बेटा, तू बोल ना इसको," चाचा म्हणाले. "तू तो यहीच पढाता. ऐसा होता क्या नहीं होता, बोल."

मी म्हणालो, "चाचा, मला तुमच्या दोघांच्यात पाडू नका."

तेवढ्यात तो दोन घरं सोडून राहणारा मागून बोलला, "ह्यांची जातच तशी." फार मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत. चाचांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. ते अण्णांकडं बघत होते. अण्णा त्याला काहीतरी बोलतील म्हणून वाट बघत होते. अण्णा बोलले नाहीत. रागात होते, आणि रागात माणसाला माणसांची गर्दी आपल्या बाजूला हवी असते.

"अच्छा," चाचा म्हणाले. दुधाची पिशवी उचलली आणि आत गेले. फाटकाची कडी लावल्याचा आवाज आला. ते फाटक दिवसा कधी लावलेलं नसायचं.

त्या रविवारी गाडी बाहेर निघाली नाही. त्यानंतरच्याही नाही. चाचांच्या मुलाचा शहराच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅट होता. तो कधीपासून बोलवत होता आणि चाचा नाही म्हणत होते, "पाटील को गाडी नहीं आती अभी, छोडके कैसा जाऊँ?" उन्हाळ्यात त्यांनी घर भाड्यानं दिलं आणि गेले. टेम्पोत सामान चढताना अण्णा खिडकीतून उठून मागच्या खोलीत जाऊन बसले. मी मदतीला गेलो. चाचांनी मला कपाटाला हात लावू दिला, पाणी दिलं, 'शुक्रिया बेटा' म्हणाले. ते सगळं मी घेतलं.

आणि गाडी? मागायचं धाडस मला झालं नाही. मी स्कूटरच चालवत राहिलो. ज्यासाठी केलं तेही पदरात पडलं नाही, असं म्हणून कधी कधी मी स्वतःला हसून घेतो. पण ज्यासाठी केलं ते गाडी नव्हतंच. चाचा गेल्यावर अण्णा माझ्याशी बोलतील असं मला वाटलं होतं. ते कुणाशीच बोलेनात.

पुढचा हिवाळा आला. गाडी आता आमच्या दारात, आमच्याच भिंतीला लागून उभी असायची. अण्णा आठवड्यातून एकदा तिला उगाच एक फेरी मारून आणायचे, पंपावर हवा भरायचे, घरी आल्याबरोबर काटा तीसवर आणायचे. सवय. थंडी पडली, आणि एका सकाळी मी शाळेला निघताना ते खाली उकिडवे बसलेले दिसले, गेज चाकाला लावून.

"इकडं ये."

मी गेलो. पंचवीस.

"मियाँ तर हितं नाय."

मी काट्याकडं बघितलं.

"मग आता कोण सोडतंय?"

रस्त्यानं एक दूधवाला गेला. अण्णा खालूनच माझ्याकडं बघत होते, चष्म्याच्या काचा गारठ्यानं धुरकटलेल्या.

"थंडीनं होतं," मी म्हणालो.

"गेल्या सालीबी?"

"गेल्या सालीही."

"तुला ठावं होतं?"

मी खाली बघितलं. ते उठायला लागले, गुडघा धरून, एका हातानं बॉनेटचा आधार घेत. मी हात पुढं केला. त्यांनी धरला नाही.

त्यांनी मला शिवी दिली असती, मारलं असतं, तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "स्कूटर आत घे. मियाँकडं जायचंय. गाडी तू चालव. माझे हात कापतेत."

शाळेत मी त्या दिवशी रजा टाकली. पहिल्यांदाच मी ती गाडी चालवत होतो आणि अण्णा शेजारी बसले होते. वाटभर एक शब्द नाही. शहराच्या त्या टोकाला जाईपर्यंत ऊन चांगलं वर आलं होतं. चाचांनी स्वतः दार उघडलं. फार वाळले होते. आम्हाला बघून त्यांना आनंद झाला की काय झालं ते कळलं नाही. "आइए, बैठिए," म्हणाले. अण्णांना.

आत बसलो. पाणी आलं, चहा आला. अण्णांनी कप हातात घेतला नाही. म्हणाले, "मियाँ, हवा थंडीनं उतरत होती. माझी अक्कल गेली होती. तुझ्यावर आळ घेतला. तो भाडखाऊ मागून बोलला, तेव्हा मी गप बसलो. त्याची माफी मागायला आलोय."

चाचांनी चहा बशीत ओतला. मग म्हणाले, "थंडी से." मान हलवली. "मेरेको भी नहीं सूझा. नकाशे निकाले उम्रभर. अपने को ये सब कायकू मालूम रहता." आणि थांबून, अगदी सहज आवाजात, "पर लडका तो साइन्स पढाता ना तुम्हारा?"

मी मान वर केली. आता बोलायचं, असं ठरवलं होतं. गाडीत ठरवलं होतं, जिन्यात ठरवलं होतं. तोंड उघडलंही असेल.

"त्याला ठावं नव्हतं," अण्णा म्हणाले. "पुस्तकातलं शिकवतो तो. गाडीचं त्याला काय कळतंय?"

चाचांनी माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. मी नजर खाली केली आणि त्यांना कळलं. ते मला कळलं. अण्णांनी माझ्यासाठी खोटं बोलल्याचं त्या खोलीत तिघांनाही कळलं, आणि ते खोटं मोडायला कुणी पुढं आलं नाही. चाचा म्हणाले, "हाँ, बच्चे को कायकू मालूम रहेगा." मी तेव्हा पस्तिशी ओलांडलेला होतो. मग त्यांनी अण्णांच्या गुडघ्याची चौकशी केली, आम्हाला जेवून जा म्हणाले. तोंडदेखलं म्हणाले असं नाही म्हणता येणार, पण आम्ही थांबावं असंही ते नव्हतं. जिन्यापर्यंत सोडायला आले. अण्णांना हात दिला. "पाटील" काही म्हणाले नाहीत.

अण्णा परत कधी तिकडं गेले नाहीत. अण्णा वारले तेव्हा चाचा आले होते, गल्लीच्या तोंडाशी उभे राहून, खांदा न देता परत गेले. पुढं चाचाही गेल्याचं ऐकलं. मी त्यांना कधीच खरं सांगितलं नाही. त्यांना माहीत आहे, मग सांगायची गरज काय, अशी मी स्वतःची समजूत घातली. गरज होती. माहीत असणं आणि सांगितलेलं असणं यांत फरक असतो. तो मला न कळण्याइतका मी अडाणी नाही.

चाचांकडं गेलो त्या दिवशीची एकच गोष्ट सांगायची राहिली. परत येताना रस्त्यात नेहमीचा पंप लागला. मी काही विचार न करता इंडिकेटर दिला, गाडी आत घेतली आणि हवेच्या नळीपाशी नेऊन उभी केली. घरून निघताना चाकं उतरलेली होती. वाटलं, भरून घेऊ. त्यांच्यासाठी काहीतरी करावं असं वाटत होतं. हवा भरणारा माणूस नळी घेऊन आला. "कितना, साहब?"

अण्णा समोर काचेतून बाहेर बघत होते. घरून निघाल्यापासून माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

"आत्ता नको. टायर गरम हायेत," ते म्हणाले. "तुला तर ठावंच हाय."